मोबाइल स्टँड बसवून घेण्याआधी

स्टँड बसवायला आम्हाला दहा मिनिटं लागतात. पण तो कुठे लावायचा हे ठरवताना, गाडी रोज चालवणारी व्यक्तीच सीटवर बसलेली हवी. दुसऱ्याच्या उंचीवर लावलेला स्टँड कामाचा नाही.

जागा स्टिअरिंगच्या लगेच डावीकडे, मधल्या एसीच्या जाळीपाशी. फोनची वरची कड डॅशबोर्डच्या वर येऊ देऊ नका. समोरच्या काचेवर लावलेल्या फोनमागे चौकात डावीकडून आलेली अख्खी मोटारसायकल झाकली जाते. डॅशबोर्डवर जिथे ‘एअरबॅग’ लिहिलंय तिथे स्टँड, मूर्ती, अत्तराची बाटली काहीच चिकटवू नका. ती पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते आणि वरची वस्तू शेजारच्याच्या तोंडावर आदळते. मूर्ती हवीच असेल तर लहान आणि मधोमध.

सक्शनचा स्टँड पॉलिश मारलेल्या डॅशबोर्डवर टिकत नाही. आधी ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग दाबा. एप्रिल-मेच्या उन्हात तरीही सुटतो, म्हणून आम्ही क्लिपवाला सुचवतो. घाटात फोन पायाशी पडला की हात आपोआप खाली जातो, आणि खरा घात तिथेच होतो. चार्जिंगची वायर एक मीटर पुरे. जास्त लांब वायर गिअरमध्ये गुंतते.

आता हिशोब. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. मेसेजवर तीन सेकंद नजर गेली तर गाडी ६६ मीटर न बघता गेली. उसाच्या हंगामात पुढे ताशी २० ने चाललेला ट्रॅक्टर असेल, तर तेवढ्यात तुमच्यातलं अंतर ५० मीटरने घटतं. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाखाली तो दिसेलच असं नाही. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकीच्या जुन्या बोगद्यात जीपीएस तुटतं. बाहेर पडताच लोक अडकलेला नकाशा बघतात, आणि पुण्याकडे जाताना नेमकी तिथेच उतारावरची वळणं लागतात.

म्हणून ठिकाण, गाणी, मॅपचा मराठी आवाज हे सगळं गाडी उभी असताना लावा. नोटिफिकेशन बंद करा. ब्लूटूथवर बोललं की हात मोकळे राहतात, डोकं नाही. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक दिसला की गप्प होतो. फोनवरच्याला ट्रक दिसत नाही.

कायद्याने फक्त रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. फोन हातात धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं.

स्टँडशी संबंध नाही, पण गाडी आमच्याकडे आलीच आहे तर खालीही बघून घ्या. रिकामी पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकखाली अडकते. कंपनीच्या मॅटवर दुसरी मॅट टाकली की ती पेडलपर्यंत सरकते. एकच मॅट ठेवा, हुकात अडकवा, आणि ब्रेक तळापर्यंत दाबून बघा.

दुचाकीचे स्टँड आम्ही विकतो, तरी सुचवत नाही. हँडलच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, आणि तिथे बघायला मान बरीच खाली घालावी लागते. गाडी कडेला लावा, वळणं पाहून घ्या, फोन खिशात टाका.