परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाआधीची तयारी

परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासात करिअर करायचं म्हटलं की बहुतेक मुलांना एकच दार दिसतं, ते म्हणजे यूपीएससी. परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर ते बरोबरच आहे. पण धोरणाचं संशोधन करणारी माणसं वेगळ्या वाटेनेही घडतात. विद्यापीठातला विभाग, मग एखादी इंटर्नशिप, मग थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, संशोधन सहायक, अशी ती वाट आहे. तिच्यावरची एक महत्त्वाची पायरी खुद्द परराष्ट्र मंत्रालय देतं. "ओळख असल्याशिवाय तिथे कोण घेतंय" असं समजून लातूर-नंदुरबारकडची हुशार मुलं अर्जच करत नाहीत. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे. पहिली छाननी गुणांवर आणि कागदांवर होते, आणि कागद वेळेत तयार ठेवणं आपल्या हातात आहे.

योजना काय आहे

मंत्रालयाने 2022 मध्ये इंटर्नशिपचं धोरण नव्याने आखलं. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दिल्लीत मुख्यालयातल्या एखाद्या विभागाशी जोडतात. विभाग म्हणजे कुणाकडे शेजारी देश, कुणाकडे पश्चिम आशिया, कुणाकडे संयुक्त राष्ट्रांचं कामकाज, तर कुणाकडे धोरण नियोजन आणि संशोधन. विभागप्रमुख विषय ठरवून देतात. त्यावर वाचन, टिपणं आणि शेवटी अहवाल असं कामाचं स्वरूप असतं. काम समाधानकारक झालं तर प्रमाणपत्र मिळतं. नोकरीची हमी मात्र नाही, आणि ही इंटर्नशिप केली म्हणून परराष्ट्र सेवेच्या परीक्षेत सवलतही मिळत नाही.

2022 च्या धोरणात वर्षाला 75 जागा आणि दोन सत्रं होती, कालावधी 1 ते 3 महिन्यांचा होता. पुढे जागा आणि कालावधी दोन्ही बदलले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरने सांगितलेल्या तारखांवर विसंबू नका, चालू सत्राची सूचना स्वतः उघडून वाचा. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंटर्नशिपसाठी स्वतंत्र पोर्टल आहे आणि अर्ज तिथेच ऑनलाइन भरायचा असतो.

मानधन महिन्याला 10,000 रुपये. शिवाय आपल्या अधिवासाच्या राज्यातून किंवा कॉलेज असलेल्या ठिकाणाहून दिल्लीला एकदा जाण्या-येण्याचं इकॉनॉमी वर्गाचं विमानभाडं मिळतं. राहायची सोय स्वतः करायची. दिल्लीत पेइंग गेस्टचं भाडं आणि डबा धरला तर दहा हजारांत महिना भागवणं कठीण आहे, हे घरी आधीच बोलून ठेवलेलं बरं. निवड झाल्यावर खर्चापायी माघार घेण्याची वेळ येऊ नये.

कोण अर्ज करू शकतं

उमेदवार भारतीय नागरिक हवा आणि इंटर्नशिप सुरू होण्याआधी पदवी पूर्ण झालेली हवी. ज्यांच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी इंटर्नशिप सक्तीची आहे, ते विद्यार्थी पदवी हातात नसतानाही अर्ज करू शकतात. विषयाचं बंधन नाही. राज्यशास्त्राचाच विद्यार्थी हवा असा गैरसमज अनेकांचा असतो. कायदा, अर्थशास्त्र, इंजिनीअरिंग, परकीय भाषा, कुठल्याही शाखेची पदवी चालते.

वयाची अट 25 वर्षांची आहे आणि ती इंटर्नशिप ज्या वर्षी होणार त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला मोजतात. हे नीट लक्षात घ्या. या वर्षी भरलेल्या अर्जाचं सत्र पुढच्या वर्षी सुरू होणार असेल तर वय पुढच्या वर्षअखेरचं धरलं जाईल. एम.ए. करताना स्पर्धा परीक्षेसाठी मध्ये वर्षं गेलेल्यांनी आधी हा हिशेब करावा.

निवड कशी होते

दोन टप्पे आहेत, प्राथमिक छाननी आणि मुलाखत. छाननीत बारावीचे आणि पदवीचे गुण धरतात. देशाच्या सगळ्या राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना प्रतिनिधित्व मिळावं म्हणून कोटा आणि भारांक (वेटेज) अशी मिश्र रचना आहे. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या उमेदवारांना, तसंच अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या उमेदवारांना जादा भारांक आहे. निवडलेल्यांत किमान 30 टक्के महिला असाव्यात असंही धोरण म्हणतं.

आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम केंद्राने जानेवारी 2018 मध्ये सुरू केला. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव. या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी ही माहिती सूचनाफलकावर ठळक लावली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सरकारने दिलेला भारांक मागायला तिथून कुणी पुढेच आलं नाही तर तो कागदावरच राहतो. यादीत काही जिल्हे अजूनही जुन्या नावाने असतात. अर्जात 'उस्मानाबाद' दिसलं तर गोंधळू नका.

राज्याचा प्रश्न सीमाभागातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांना हमखास पडतो. बेळगावची मुलगी पुण्यात शिकत असेल तर तिचं राज्य कोणतं? अधिवास जिथला, ते राज्य. तिचा अर्ज कर्नाटकातून जाईल, इंदूरच्या मुलाचा मध्य प्रदेशातून आणि फोंड्याच्या मुलाचा गोव्यातून. विमानभाडं मात्र कॉलेजच्या ठिकाणाहूनही मिळू शकतं.

कागदपत्रं

इथे अर्ज अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अधिवास दाखला हा पहिला. महाराष्ट्रात तो 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र' या नावाने मिळतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करायचा. लोकसेवा हक्क कायद्यानुसार त्याची मुदत 15 दिवसांची आहे. प्रत्यक्षात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं जन्मठिकाण आणि रहिवासाचे पुरावे जुळले नाहीत तर फाईल परत येते आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. इंटर्नशिपचं पोर्टल काही आठवडेच उघडं असतं. सूचना आल्यावर सेतूत धावण्यापेक्षा पदवीच्या दुसऱ्या वर्षातच हा दाखला काढून ठेवा. तो पुढे इतरही अनेक ठिकाणी लागतो.

जातीचा दाखला असेल त्यांनी एक फरक समजून घ्यावा. राज्याचे प्रवर्ग आणि केंद्राचे प्रवर्ग सारखे नाहीत. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे महाराष्ट्राचे प्रवर्ग आहेत. केंद्राच्या अर्जात ते रकानेच नसतात. त्यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणून आपली जात त्या यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला घ्या. सेतूत अर्ज करतानाच "केंद्र सरकारसाठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याच्या नमुन्यातला दाखला हातात पडतो. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो. मार्चअखेर जुना झालेला दाखला जोडून उपयोग नाही.

गुणपत्रिकांमध्ये बारावीची आणि पदवीच्या सर्व सत्रांची लागते. विद्यापीठ सीजीपीए देत असेल तर टक्केवारीत रूपांतर स्वतःच्या मनाने करू नका. विद्यापीठाचं सूत्र वापरा आणि परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घेऊन ठेवा. छाननी गुणांवर होत असल्याने ऑनलाइन भरलेला आकडा आणि कागदावरचा आकडा यांत तफावत परवडणार नाही.

नावाची गोष्टही आपल्याकडे नेहमीची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधार कार्डावर शेवटी. कुठे वडिलांचं नाव असतं, कुठे नसतं. क्रम वेगळा असला तर सहसा अडत नाही. स्पेलिंग वेगळं असेल तर मात्र आधार आधी दुरुस्त करून घ्या. बदललेलं नाव असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी बोनाफाईडबरोबर आणखी एक पत्र घ्यावं. अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची आहे, हे त्यात कॉलेजातल्या विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यासह लिहिलेलं असावं. नुसत्या बोनाफाईडवरून ते कळत नाही.

अर्जातला मजकूर आणि मुलाखत

इंटर्नशिप का करायची आहे, हे अर्जात थोडक्यात लिहावं लागतं. "लहानपणापासून देशसेवेची आवड" हे वाक्य शेकडो अर्जांत असतं. त्याऐवजी एक ठोस विषय धरा, आणि शक्यतो आपल्या मातीतला. नाशिकच्या विद्यार्थ्याला कांद्याइतका चांगला विषय कुठे मिळणार? डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि मे 2024 मध्ये ती उठवली. मधल्या काळात काही मित्रदेशांना सरकारी मार्गाने कांदा पाठवण्याची परवानगी होती. त्याआधीच्या 2019 च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या कार्यक्रमात उघडपणे नाराजी बोलून दाखवली होती. लासलगावच्या बाजारसमितीतला भाव आणि ढाक्याशी असलेले संबंध एकाच टिपणात मांडता येतात. ते टिपण लिहिणाऱ्याने वर्तमानपत्र नुसतं चाळलेलं नाही, हे मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतं. रत्नागिरीच्या मुलांसाठी तिथे नजरकैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा आणि आजचा म्यानमार आहे, उरणच्या मुलांसाठी जेएनपीए (न्हावा-शेवा बंदर) आणि सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 परिषदेत जाहीर झालेला भारत-मध्यपूर्व-युरोप मार्ग आहे.

मुलाखतीसाठी क्लासच्या नोट्सपेक्षा मूळ कागद वाचा: मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, दोन देशांची संयुक्त निवेदनं, संसदेतली प्रश्नोत्तरं आणि विदेश व्यवहार स्थायी समितीचे अहवाल. हे सगळं फुकट उपलब्ध आहे. संयुक्त निवेदनात या वर्षी काय आलं आणि गेल्या वेळचं काय गळलं, हे शोधायची सवय लागली की संशोधनाची सुरुवात झालीच म्हणा. इंग्रजी बोलायचा सराव हवा, पण उच्चाराचं दडपण घेऊ नका. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटसारख्या गावातून परराष्ट्र सेवेत गेले आणि मंत्रालयात सचिवपदापर्यंत पोहोचले.

निवड झाली तर गोपनीयतेची अट गंभीरपणे घ्या. तिथे पाहिलेले कागद आणि ऐकलेली चर्चा बाहेर सांगता येत नाही, परवानगीशिवाय त्यावर लेखही लिहिता येत नाही. इन्स्टावर ऑफिसातले फोटो टाकणंही टाळा.

इथे झालं नाही तर

जागा कमी आणि अर्ज खूप, त्यामुळे दुसरे अर्ज सोबत चालू ठेवावेत. दिल्लीत सप्रू हाउसमधली भारतीय विश्व व्यवहार परिषद (स्थापना 1943) आणि मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था (स्थापना 1965) आहेत. मुंबईत गेटवे हाउस आहे आणि ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनचं केंद्र आहे. मुंबईतल्या संस्था आपल्या मुलांना सोयीच्या, दिल्लीचं भाडं वाचतं. थिंक टँककडे अर्ज करताना बारावीच्या टक्क्यांपेक्षा लेखनाचा नमुना जास्त पाहिला जातो. सीव्ही, कव्हर लेटर, दीड-दोन हजार शब्दांचा स्वतः लिहिलेला लेख आणि प्राध्यापकांचं शिफारसपत्र एवढी सामग्री तयार हवी. संस्थेने गेल्या वर्षभरात काय प्रकाशित केलं ते वाचून कव्हर लेटर त्या संस्थेपुरतं लिहा. एकच पत्र दहा ठिकाणी पाठवलेलं लपत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिपही खुली असते. पदवीचं शेवटचं वर्ष, पदव्युत्तर शिक्षण, किंवा पदवीनंतरचं एक वर्ष या काळात ती करता येते आणि कालावधी 2 ते 6 महिन्यांचा असतो. तिथे मानधन मिळत नाही. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात राहण्याचा खर्च स्वतःचा, म्हणून शिष्यवृत्तीची सोय आधी पाहावी.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान पंधरा दिवस आधी भेटा, आणि जाताना आपला लेख छापून न्या. तुम्ही लिहिलेलं काही वाचलेलंच नसेल तर सर किंवा मॅडम चांगली मुलगी, शिस्तबद्ध मुलगा यापलीकडे काय लिहिणार?