युद्धाविरुद्धचं गाणं आणि राष्ट्राध्यक्षाविरुद्धचं गाणं: नील यंगचे चाहते नेमके कशावर बिथरले?

रॉक गायक नील यंगच्या 'लिव्हिंग विथ वॉर' या इराक युद्धाच्या काळातल्या, 2006 मधल्या अल्बमाचा विषय निघाला, की 'युद्धविरोधी गाण्यांमुळे चाहते दुभंगले' हे वाक्य ठरलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. या अल्बमात दोन जातींची गाणी शेजारी शेजारी बसली आहेत. काही गाणी युद्धावर बोलतात, काही गाणी युद्ध सुरू करणाऱ्या माणसावर. कार्यक्रमांतून लोक खुर्च्या सोडून गेले ते दुसऱ्या जातीच्या गाण्यावर, पण वाद घालताना दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात.

पहिली जात आधी पाहू. 'रॉजर अँड आउट' मध्ये एक माणूस आपल्याबरोबर सैन्यात भरती झालेल्या आणि परत न आलेल्या दोस्ताशी बोलतो. 'फॅमिलीज' मध्ये सैनिक घरच्यांशी बोलतो, आणि तो जिवंत नाही हे ऐकता ऐकता कळतं. 'शॉक अँड ऑ' मध्ये ट्रम्पेटच्या सुरात घरी येणाऱ्या शवपेट्या आहेत, ज्या कुणाला दिसत नाहीत. ही कविकल्पना नव्हे. परतणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रं घ्यायला अमेरिकेत 1991 पासून माध्यमांना बंदी होती, ती 2009 मध्ये उठली. यात सैनिकांकडे बोट दाखवलेलं कुठेच नाही, उलट दोन गाण्यांत बोलणारा सैनिकच आहे. 'नील यंग सैनिकांचा अपमान करतो' हा आक्षेप घेणाऱ्यांनी ही तीन गाणी ऐकलेली नसतात, असं खुशाल समजावं.

दुसऱ्या जातीचं ठळक उदाहरण 'लेट्स इम्पीच द प्रेसिडेंट'. नावातच महाभियोगाची मागणी. गाण्याची रचना आरोपपत्राची आहे: खोटं बोलून देशाला युद्धात ढकललं, नागरिकांचे फोन चोरून ऐकले, धर्माचा वापर केला, 2005 च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लीन्सचे बंधारे फुटले तेव्हा तिथल्या लोकांना वाऱ्यावर सोडलं. म्हणजे यातला बराचसा भाग इराक युद्धाबद्दल नाहीच. मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भाषणांचे खरे तुकडे जोडले आहेत आणि त्यांच्या परस्परविरोधी विधानांवर कॉयर, म्हणजे गायकवृंद, 'फ्लिप', 'फ्लॉप' (घडीघडी भूमिका बदलणं) ओरडतो. 2004 च्या निवडणुकीत बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाने प्रतिस्पर्धी जॉन केरी यांना चिडवायला हाच शब्द वापरला होता, त्यामुळे टोमणा कुणाला लागायचा होता हे अमेरिकी श्रोत्याला सांगावं लागत नव्हतं.

अल्बम निघाल्यावर क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग ही जुनी चौकडी (सीएसएनवाय) 'फ्रीडम ऑफ स्पीच' दौऱ्यावर निघाली. ऑगस्ट 2006 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाच्या कार्यक्रमात 'लेट्स इम्पीच द प्रेसिडेंट' सुरू झालं आणि हुर्यो उडाली, मधली बोटं वर झाली, माणसं बाहेर पडू लागली. यंगनेच केलेल्या 'सीएसएनवाय/देजा व्हू' (2008) या माहितीपटात हा प्रसंग आहे, आणि बाहेर पडणाऱ्यांचं म्हणणंही त्याने कापलेलं नाही. जॉर्जिया राज्यात 2004 साली बुश यांना 58 टक्के मतं पडली होती, हे ध्यानात ठेवलं तर हुर्योचं नवल वाटत नाही. त्यात शब्द मोठ्या पडद्यावर उमटत होते. एरवी रॉकच्या गोंगाटात अर्धे शब्द सुटतात आणि श्रोता सोयीस्कर अर्थ लावून घेतो. इथे ती पळवाटच बंद केलेली.

आता कुणी म्हणेल, याच चौकडीच्या, यंगने लिहिलेल्या 1970 च्या 'ओहायो' मध्येही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं नाव आहे, मग ते कसं सगळ्यांना प्रिय? मुद्दा रास्त आहे, पण दोन ठिकाणी घसरतो. एक तर ते तेव्हा सगळ्यांना प्रिय नव्हतं. 4 मे 1970 रोजी ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्ड या राखीव सैन्याने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, त्यानंतरच्या गॅलप पाहणीत 58 टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला. त्याच महिन्यात रेकॉर्ड होऊन जूनमध्ये आलेल्या या गाण्याला काही एएम रेडिओ स्टेशनांनी दार बंद केलं. आजचा एकमुखी आदर नंतरच्या वर्षांनी दिलेला आहे. दुसरं म्हणजे, 'ओहायो' मध्ये निक्सनचं नाव एकाच ओळीत येतं आणि बाकीचं सगळं गाणं मेलेल्या चौघांचं आहे. तीन मिनिटांच्या आत संपतं, मोजक्या ओळी आणि एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. गिटारच्या पहिल्या आणि सहाव्या तारा 'डी' स्वरावर उतरवल्या की ती जड, खर्जातली घरघर लागलीच मिळते. नाव काढलं तरी गाणं उभं राहतं. 'इम्पीच' मधून बुश वजा केले तर हाती काही उरत नाही.

ओळखायची सोपी चाचणी हीच: नाव झाकून गाणं ऐका. याच अल्बममधलं 'लुकिंग फॉर अ लीडर' या चाचणीत नापास होतं. 2006 च्या शब्दांत ओबामा आणि बुश यांचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांची नावं पर्याय म्हणून येतात, आणि 2020 मध्ये यंगला ट्रम्प यांच्याविरुद्ध शब्द बदलून ते नव्याने रेकॉर्ड करावं लागलं. 'रॉजर अँड आउट' ला असली डागडुजी लागणार नाही. याचा अर्थ दुसरी जात हलकी, असं मात्र नाही. तिचं काम वर्तमानपत्राचं आहे आणि 2006 मध्ये ते काम दुसरे फार थोडे रॉक गायक करत होते.

'तो कॅनडाचा, त्याने आम्हाला का शिकवावं?' हा आक्षेपही फक्त दुसऱ्या जातीलाच चिकटतो. यंग 1966 पासून कॅलिफोर्नियात राहत होता, पण अमेरिकेचं नागरिकत्व त्याने 2020 मध्ये घेतलं. मृत सैनिकाच्या गाण्याला पासपोर्ट कुणी विचारत नाही. शिवाय तो कायमचा एकाच गोटातला होता असंही नाही. 80 च्या दशकात तो रेगन यांची बाजू घेत असे, आणि 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अपहृत विमानातल्या प्रवाशांवर त्याने 'लेट्स रोल' केलं तेव्हा डावीकडचे चाहते वैतागले होते.

आणखी एक गल्लत उरते: गाणं आवडलं नाही की त्यातलं राजकारण? अल्बम घाईत झाला, सगळं रेकॉर्डिंग साधारण दीड आठवड्यात, आणि वर शंभर जणांचा कॉयर. कर्कश गिटारवर तो अनेकांना सभेतल्या घोषणांसारखा वाटतो. ही तक्रार पडताळून पाहता येते, कारण त्याच वर्षाअखेर 'लिव्हिंग विथ वॉर: इन द बिगिनिंग' ही कॉयर काढलेली आवृत्ती आली. खरेदी करताना दोन्ही नावं सारखी वाटून चूक होते, तेव्हा यादी पाहून घ्या: मूळ अल्बमात दहा गाणी आहेत आणि शेवटचं 'अमेरिका द ब्यूटिफुल', दुसऱ्यात ते नाही, नऊच आहेत. 'इम्पीच' दोन्हींत ऐका. साध्या आवृत्तीत ते बरं वाटलं तर तुमचं भांडण कॉयरशी होतं. तिथेही नकोसं झालं तर शब्दांशी आहे, आणि तेवढ्यासाठी 'फॅमिलीज' ला शिव्या घालायचं कारण नाही.