ॲक्सेसमध्ये विंडो एकावर एक की टॅबमध्ये: हा वाद आला कुठून

पिंपळगावला एका आडत्याच्या गाळ्यावरचा जुना ॲक्सेसचा (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमचा) हिशोब नव्या मशीनवर आणला, म्हणजे कोरी फाइल उघडून सगळे टेबल (नोंदींचे तक्ते) आणि फॉर्म (नोंद भरायच्या विंडो) इंपोर्ट केले, कोडची एक ओळ बदलली नाही, तरी दुसऱ्या दिवशी लिलाव सुटल्यावर दिवाणजींचा फोन आला की काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) भरताना शेतकऱ्याची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) दिसत नाहीये. उचल कुठे गेली नव्हती. आधी दोन विंडो शेजारी शेजारी असायच्या, आता त्यांचे टॅब झाले होते आणि टॅब एका वेळी एकच दिसतो.

याचं मूळ शोधायला डीबेस या डॉसवरच्या जुन्या डेटाबेसपर्यंत मागे गेलं तरी पुरतं. डीबेस थ्री प्लसमध्ये १० वर्क एरिया, म्हणजे टेबल उघडायच्या जागा, एकेका एरियात एक टेबल, आणि ८० अक्षरं बाय २५ ओळींच्या स्क्रीनवर जे काढाल ते, विंडो वगैरे काही नाही. हलवता येणारी विंडो आम्हाला डॉसवर भेटली ती डीबेसच्याच वळणाच्या फॉक्सप्रोमध्ये, आणि नाशिकमध्ये नव्वदच्या दशकात क्लासला गेलेली आमची पिढी त्यावरच वाढली. पण तिथे विंडो दोन असल्या तरी टेबल एकाच एरियात उघडलेलं असेल तर रेकॉर्ड पॉइंटर, म्हणजे आत्ता कोणत्या नोंदीवर आहोत ती खूण, एकच. एका विंडोत ब्राउज करत दहा नावं खाली गेलात की दुसऱ्या विंडोत नाव जुनंच दिसायचं, पॉइंटर मात्र सरकलेला, सेव्ह केलं की उचल भलत्याच खात्यावर. अशी एक नोंद शोधण्यात माझी अख्खी रात्र गेलेली आहे. तेच टेबल 'यूज अगेन' लावून दुसऱ्या एरियात उघडायचं हा उपाय होता, पण माहीत असलेले थोडे. १९९५ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो ३.० आलं, फॉर्मला स्वतःचं प्रायव्हेट डेटा सेशन, म्हणजे स्वतःचे वेगळे वर्क एरिया आणि पॉइंटर, देता यायला लागलं, तेव्हा सुटलो.

ॲक्सेस आलं १९९२ च्या शेवटी. तेव्हाच्या विंडोजची रीत होती तीच त्याने घेतली, म्हणजे एक मोठी फ्रेम आणि आतमध्ये पोटविंडो. प्रत्येक फॉर्मचा रेकॉर्डसेट (उघडलेल्या नोंदींचा संच) वेगळा, त्यामुळे पॉइंटरची भानगड मिटली. बदल्यात दुसरी आली: एकच रेकॉर्ड दोन फॉर्ममध्ये उघडं ठेवून दोन्हीकडे हात लावला की 'दुसऱ्या युजरने हा रेकॉर्ड बदलला आहे' असा मेसेज, आणि तो दुसरा युजर म्हणजे तुम्हीच. म्हणून दुसरा फॉर्म उघडायच्या आधी पहिल्यातला रेकॉर्ड सेव्ह करून घ्यायचा, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सगळ्यात आधी सांगतो. शिवाय एक फॉर्म मॅक्झिमाइज केला की आतले बाकीचे साधे फॉर्मही मॅक्झिमाइज व्हायचे. ॲक्सेस २००० मध्ये प्रत्येक विंडोचं वेगळं बटण टास्कबारवर दाखवायची सोय झाली, पण विंडो मात्र फ्रेमच्या आतच राहिली.

आता ॲक्सेस २००७. नवा फाइल फॉरमॅट आला, रिबन (वरची बटणांची पट्टी) आला, डेटाबेस विंडो जाऊन डावीकडे नेव्हिगेशन पेन (टेबल, फॉर्मची यादी) आला, आणि नवीन फाइलमध्ये टॅब हा डिफॉल्ट केला गेला. जुनी फाइल तशीच उघडली तर जुनी पद्धत टिकते, कोऱ्या फाइलमध्ये इंपोर्ट केलंत तर टॅब, पिंपळगावला हेच झालं. टॅबच्या बाजूने बोलणारे म्हणतात की फॉर्ममागे फॉर्म दडायचे, लोक तोच फॉर्म पुन्हा शोधत बसायचे, आणि ब्राउझरमुळे टॅबची सवय झालेलीच होती. फॉर्म दडायचे हे खरं आहे, नव्या ऑपरेटरला मीही गोंधळताना पाहिलंय. पण टॅबमध्ये फॉर्म सगळी जागा व्यापतो, कोडमध्ये दिलेली साइज आणि जागा लागू होत नाही, चार इंचाचा छोटा फॉर्म पांढऱ्या मैदानात एका कोपऱ्यात पडतो. आणि ज्याचं कामच दोन गोष्टी समोरासमोर ठेवून करायचं आहे, एकीकडे वजन, हमाली, तोलाई आणि दुसरीकडे मागची बाकी, त्याचा विचार डिफॉल्ट ठरवताना कमी झाला असं माझं स्पष्ट मत आहे. सेटिंग बदलता येतं, करंट डेटाबेसच्या ऑप्शनमध्ये 'ओव्हरलॅपिंग विंडोज' निवडायचं, फाइल बंद करून परत उघडायची. पण ते फाइलगणिक असतं, मशीनवर एकदाच करून भागत नाही.

टॅब नको म्हणून लोक सरसकट पॉप-अप लावायला लागले आणि तिथे पॉप-अप आणि मोडल यांची खिचडी झाली. पॉप-अप म्हणजे बाकीच्या विंडोंच्या वर तरंगणारा, मागे काम करता येतं. मोडल म्हणजे तो बंद केल्याशिवाय दुसऱ्या फॉर्मला हात लावू देणार नाही. कोडमधून डायलॉग म्हणून उघडला तर दोन्ही लागू होतात, वर पुढचा कोडही थांबून राहतो. मागची बाकी बघायचा फॉर्म डायलॉग म्हणून उघडून ठेवलेला मी कितीदा पाहिलाय, मग काटापट्टी अडकली म्हणून तक्रार येते.

दोन मॉनिटर आल्यावर पॉप-अपचं महत्त्व आणखी वाढलं, कारण साधा फॉर्म फ्रेम सोडून दुसऱ्या स्क्रीनवर जात नाही, पॉप-अप जातो. सबस्क्रिप्शनवाल्या अलीकडच्या ॲक्सेसमध्ये टॅब ओढून पुढेमागे करता येतात, प्रत्येक टॅबवर बंद करायची फुली आली, पण दोन टॅब शेजारी अजून दिसत नाहीत. एकच फॉर्म दोन वेगळ्या शेतकऱ्यांसाठी एकदम उघडायचा असेल तर जुनाच रस्ता आहे, नेहमीच्या कमांडने उघडलेलाच पुढे येतो, म्हणून कोडमध्ये फॉर्मचं नवीन इन्स्टन्स (त्याच फॉर्मची वेगळी प्रत) काढून कलेक्शनमध्ये (कोडमधल्या यादीत) धरून ठेवायचं, नाहीतर प्रोसीजर संपताच ती विंडो गायब.

पिंपळगावच्या फाइलमध्ये शेवटी ओव्हरलॅपिंग परत लावलं आणि उचलीचा फॉर्म नुसता पॉप-अप ठेवला, मोडल नाही.