चेकडिस्क म्हणजे डेटा रिकव्हरी नव्हे

हार्ड डिस्क अडखळू लागली, एकेक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली, की कुणीतरी विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन सुचवतंच, ‘चेकडिस्क मार, डेटा परत येईल.’ हा सल्ला वाचला की मला आजही धस्स होतं. माझ्या भाचीच्या बारशाचे निम्मे फोटो याच सल्ल्यापायी गेले.

चेकडिस्क बहुतेकांनी कधी ना कधी चालवलेलं असतं. वीज गेली, पेनड्राइव्ह तसाच उपटला, फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदवहीत, गोंधळ झाला, तर धडधाकट डिस्कवर ते चोख काम करतं. तिथे माझी काहीच तक्रार नाही.

पण त्याला फक्त फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवायचा असतो, तुमची फाइल वाचवायची नसते. एखादी नोंद जुळली नाही की ते ती काढून टाकतं. मालक न सापडलेले तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. फाइलचं मूळ नाव नाही, मूळ जागा नाही. आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहून. एकदा लिहिलं की मागे फिरता येत नाही. आज्ञेला ‘/आर’ (/r) हा पर्याय जोडलात तर आणखी वाईट: खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) शोधण्यासाठी ते अख्खी डिस्क वाचायला लावतं, तीही कसलीच प्रत न काढता. डिस्क वाचणारं हेड आधीच थकलेलं असेल तर ते याच कामात जातं.

डेटा वाचवायचा तर मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. आधी दुसऱ्या, पुरेशा मोठ्या डिस्कवर तिची सेक्टरनिहाय प्रत घ्यायची. त्यासाठी मी फक्त डीडीरेस्क्यू वापरतो. लिनक्सवर चालतं, फुकट आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलं की तिथे झटत न बसता पुढे जातं, कुठे काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. मध्येच डिस्क दगावली, तरी तोवर उचललेलं सगळं हातात असतं. मग टेस्टडिस्क, फोटोरेक ही हरवलेला डेटा शोधणारी साधनं, अगदी चेकडिस्कसुद्धा त्या प्रतीवर खुशाल चालवा. त्या प्रतीची आणखी एक प्रत काढून ठेवलीत, तर बिघडलं तरी चिंता नाही.

आजार ओळखायला डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचताना अडणाऱ्या सेक्टरांची संख्या, शून्याच्या वर असेल, तर चेकडिस्कला हात लावू नका. ‘फॉरमॅट करायची का?’ असं विंडोजने विचारलं तर रद्द करा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर डीडीरेस्क्यूही नको. वीज बंद करा आणि क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय सांगणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका, आत दव साचतं. घरी झाकणही उघडू नका. हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि धुळीचा कण त्याच्या कित्येक पट मोठा असतो.

आणखी एक. आजारी डिस्क जोडून संगणक सुरू केलात, तर विंडोज कधीकधी न विचारताच तपासणी सुरू करतं. पडद्यावर सेकंद उलटे मोजले जात असतात, तेवढ्यात कोणतीही कळ दाबा, ती टळते.