रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंशातील वर्तनविकार

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित वा अपुरा झाल्याने उद्भवणाऱ्या स्मृतिभ्रंशात विस्मरणाच्या जोडीने, कित्येकदा त्याच्याही आधी, मनःस्थितीत व वागणुकीत पडणारा फरक. निरुत्साह, नैराश्य, चिडखोरपणा, क्षुल्लक कारणाने रडू किंवा हसू फुटणे आणि रात्रीचा गोंधळ ही त्याची मुख्य लक्षणे. संशय व भासही आढळतात. मात्र अल्झायमर रोगाच्या मानाने कमी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये मेंदूच्या श्वेतद्रव्याच्या (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या) ऱ्हासाचे वर्णन केले. पुढे अनेक दशके म्हातारपणीच्या बुद्धिऱ्हासाचे खापर सरसकट कठीण झालेल्या रोहिण्यांवर फोडले जाई. व्लादिमीर हॅचिन्स्की व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे मत खोडले व रक्ताअभावी मृत झालेल्या लहानमोठ्या भागांकडे लक्ष वेधले. हा स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी केलेल्या त्यांच्या १९७५ च्या गुणतालिकेत नैराश्य, भावनांवरचा ताबा सुटणे व रात्रीचा गोंधळ यांना प्रत्येकी एक गुण आहे. व्यक्तिमत्त्व बऱ्यापैकी टिकून राहण्यालाही एक गुण आहे, तो मात्र आज खटकतो; ललाटखंडाला (मेंदूच्या कपाळामागील भागाला) जोडणाऱ्या खोल मार्गांना इजा झाली की स्वभाव पालटतो.

नैराश्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. डाव्या ललाटखंडातील इजा त्याला कारण, हे मत १९८० च्या दशकात प्रबळ होते. २००० मधील एका पद्धतशीर आढाव्यात त्याला आधार मिळाला नाही. जॉर्ज अलेक्सोपोलस प्रभृतींनी १९९७ मध्ये मांडलेली ‘रक्तवाहिनीजन्य नैराश्या’ची कल्पना, म्हणजे सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारातूनच उतारवयातील काही नैराश्य उपजते, ही अधिक ग्राह्य वाटते. अर्थात लुळ्या पडलेल्या हाताची खंतही त्यात असतेच. निरुत्साह याहून वेगळा: रुग्ण दुःखी नसतो, त्याला कशाचेच काही वाटेनासे होते. घरचे याला आळस समजतात.

सातारा-सांगली भागात आजाराची सुरुवात बहुधा ‘अंगावरनं वारं गेलं’ अशी सांगितली जाते; त्यानंतरचा स्वभावातला बदल ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिला जातो किंवा बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठला जातो. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू हे पक्षाघाताच्या झटक्याचे धोके. बायकांतील मशेरीची सवय विचारल्याशिवाय कळत नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत मिळण्याची सवय अंगी मुरलेला म्हातारा मध्यरात्री बॅटरी शोधतो, ‘लाईट आली, मोटर टाकायची हाय’ म्हणतो आणि सुनेने कडी लावली की हात उगारतो. अशा वेळी हुज्जत घालण्यापेक्षा सोबत अंगणात चक्कर मारून आणणे उपयोगी पडते.

वागणूक दोन-चार दिवसांत एकदम बिघडली, तर आधी मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणे, नवा झटका किंवा नुकतेच बदललेले औषध पाहावे. नैराश्यावर औषधे देतात, गुण मात्र कमीअधिक येतो. भास-आक्रमकतेवरील मनोविकारशामक औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीतील व २००८ मध्ये जुन्या औषधांबाबत दिला. त्यामुळे ती अल्प मात्रेत, मुदत ठरवून देतात. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. शिराळा, जत, पाटण या तालुक्यांतील वृद्धाला मात्र नियमित तपासणीसाठी लांबचा प्रवास पडतो.