चेल्टनहॅम गोल्ड कप : धावणाऱ्या घोड्यांची पारख

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात, क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी असलेल्या प्रेस्टबरी पार्क मैदानावर दरवर्षी मार्चमध्ये होणारी चेल्टनहॅम गोल्ड कप ही स्टीपलचेसमधील, म्हणजे उंच कुंपणांवरून उड्या घेत धावण्याच्या शर्यतींमधील सर्वांत मानाची शर्यत. चार दिवसांच्या चेल्टनहॅम महोत्सवात ती अखेरच्या दिवशी, शुक्रवारी धावली जाते. अंतर ३ मैल २ फर्लांग ७० यार्ड, म्हणजे सुमारे ५.३ किमी.; कुंपणे २२. पाच वर्षांचे व त्याहून मोठे घोडे तीत भाग घेऊ शकतात. सध्याच्या स्वरूपातील शर्यत १९२४ मध्ये सुरू झाली आणि पहिला मान रेड स्प्लॅश या घोड्याला मिळाला. कडाक्याच्या थंडीने १९३१ मध्ये, पुरामुळे १९३७ मध्ये आणि जनावरांतील लाळ-खुरकुताच्या साथीमुळे २००१ मध्ये ती रद्द झाली.

ग्रँड नॅशनल या शर्यतीचे नाव जगभर अधिक लोकांच्या कानावर गेलेले असते. पण ती हँडिकॅप शर्यत आहे. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणण्याचा तिथे प्रयत्न असतो. गोल्ड कपमध्ये अशी तडजोड नाही. सहा वर्षांचा व त्याहून मोठा प्रत्येक घोडा ११ स्टोन १० पाउंड (सुमारे ७४.४ किग्रॅ.) वजन घेऊन धावतो, पाच वर्षांच्या घोड्याला २ पाउंडांची आणि घोडीला ७ पाउंडांची सवलत, एवढाच काय तो फरक. त्यामुळे पारख करणाऱ्याचे काम एका अर्थी सोपे होते. कोणाला वजनाचा किती फायदा मिळतो हा हिशेब उरत नाही. उरतो तो एकच आणि अवघड प्रश्न : तीन मैल जोरात पळून, वीसेक उड्या मारून झाल्यावर कोणाच्या अंगात किती शिल्लक राहील?

पारखीची सुरुवात बहुधा रेटिंगपासून होते. ब्रिटिश व आयरिश हँडिकॅपर, म्हणजे हँडिकॅपची वजने ठरवणारे अधिकारी, प्रत्येक घोड्याला पाउंडांच्या भाषेत आकडा देतात. टाइमफॉर्म ही १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था स्वतःचे आकडे वेगळे काढते. तीन मैलांच्या शर्यतीत एक लेंग्थ (एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर) म्हणजे साधारण एक पाउंड असे धरले जाते. म्हणजे समान वजनावर दहा लेंग्थने हरलेला घोडा जिंकणाऱ्यापेक्षा दहाएक पाउंडांनी उणा ठरतो. टाइमफॉर्मच्या इतिहासात स्टीपलचेसच्या घोड्याला मिळालेला सर्वांत मोठा आकडा २१२ आहे आणि तो आर्कलचा. १९६४, १९६५ व १९६६ असा सलग तीनदा गोल्ड कप जिंकणारा हा आयरिश घोडा इतका वरचढ होता, की आयर्लंडमध्ये हँडिकॅपच्या वजनांच्या दोन याद्या कराव्या लागल्या : एक आर्कल धावणार असेल तेव्हाची, दुसरी तो नसेल तेव्हाची. असा घोडा रिंगणात असला तर पारखीला फारसे कामच उरत नाही. एरवी वरच्या चार-पाच घोड्यांचे आकडे एकमेकांपासून थोड्याच पाउंडांवर असतात आणि खरी पारख तिथून पुढे सुरू होते.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किंवा पुण्यात ज्यांनी शर्यती पाहिल्या आहेत, त्यांना रेटिंग, लेंग्थ, पॅडॉक (शर्यतीपूर्वी घोडे फिरवून दाखवतात ते आवार) हे शब्द नवे नाहीत. पण तिथल्या शर्यती सपाट मैदानावरच्या. इंडियन डर्बी २,४०० मीटरची, म्हणजे गोल्ड कपच्या निम्म्याहूनही कमी. तिथे वेग आणि शेवटी मारलेली मुसंडी निकाल ठरवते. चेल्टनहॅमला वेग हवाच, पण तो दमसासाच्या जोडीने.

दमसासाची कसोटी मैदानाच्या घडणीतच आहे. घोडे डाव्या हाताने वळत धावतात, जमीन सतत चढते-उतरते, शेवटून तिसरे कुंपण उतारावर येते आणि शेवटच्या कुंपणानंतर विजयरेषेपर्यंत चढ लागतो. म्हणून घोड्याचा पूर्वेतिहास वाचताना तो कुठे जिंकला हे किती वेळा जिंकला याइतकेच महत्त्वाचे. लंडनजवळच्या केम्प्टनवर नाताळच्या दुसऱ्या दिवशी होणारी किंग जॉर्ज सहावा चेस ही तीन मैलांची शर्यत जवळपास याच दर्जाची. पण ते मैदान उजव्या हाताचे आणि सपाट. तिथे जिंकलेला घोडा चेल्टनहॅमला जिंकेलच असे नाही. डेझर्ट ऑर्किड, बेस्ट मेट, कॉटो स्टार यांनी एकाच हंगामात दोन्ही शर्यती जिंकल्या, पण हे तिघेही विलक्षण घोडे होते.

१९८६ ची शर्यत या मुद्द्यासाठी पुन्हा पुन्हा पाहावी. वेवर्ड लॅडने किंग जॉर्ज तीनदा (१९८२, १९८३, १९८५) जिंकली होती. त्याच्या दर्जाबद्दल कोणाला शंका नव्हती. शेवटच्या कुंपणानंतर तो पुढे निघाला आणि शर्यत त्याचीच असे वाटले. मग चढ लागला. त्याची पावले आखूड पडू लागली, रेष सुटली आणि तो डावीकडे सरकत गेला. डॉन रन ही आठ वर्षांची आयरिश घोडी तोवर मागे पडली होती. स्टीपलचेसमधली तिची ही जेमतेम पाचवी शर्यत. जानेवारीत याच मैदानावर एका चुकलेल्या उडीत तिच्या पाठीवरून जॉकी खाली आला होता. कागदावर तिचा अनुभव तोकडाच. पण १९८४ मध्ये तिने इथेच चॅम्पियन हर्डल ही कमी उंचीच्या अडथळ्यांची मानाची शर्यत जिंकली होती आणि चढावर ती थांबत नाही हे तेव्हाच दिसले होते. जॉकी जॉन्जो ओनीलने तिला बाहेरून काढले आणि विजयरेषेच्या तोंडाशी तिने वेवर्ड लॅडला एका लेंग्थने गाठून मागे टाकले. चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप असे दोन्ही मान मिळवणारे दुसरे जनावर आजवर झालेले नाही. तिला त्या वेळच्या नियमाप्रमाणे पाच पाउंडांची सवलत होती, ही गोष्ट निकाल वाचताना नजरेआड करू नये. पण ज्या रीतीने ती पुन्हा उसळून आली ते केवळ पाच पाउंडांनी घडत नाही.

यानंतर उडी. आकडेवारीत ती पुरेशी उतरत नाही, म्हणून जुन्या शर्यतींची चित्रफीत पाहण्याला पर्याय नाही. कुंपण साडेचार फूट किंवा त्याहून उंच असते, काहींच्या अलीकडे खंदक असतो. चांगला उडी मारणारा घोडा कुंपणाच्या अलीकडे पावलांचा हिशेब स्वतः जुळवतो, उतरताना मान सांभाळतो आणि लगेच पुढचे पाऊल टाकतो. दर कुंपणाला तो अर्धा-एक लेंग्थ कमावतो. दुसरा घोडा कुंपणाच्या अगदी जवळ जाऊन वर चढतो, उतरल्यावर क्षणभर थबकतो, आणि जॉकीला त्याला पुन्हा हाकावे लागते. बावीस कुंपणांत हा फरक केवढा होतो, याची कल्पना करता येईल. उडी मारताना नेहमी उजवीकडे झुकणारा घोडा डाव्या हाताच्या मैदानावर प्रत्येक वेळी थोडी थोडी जमीन गमावतो, तेही टिपून ठेवावे.

घोडा एकटा आरामात धावताना कशी उडी मारतो आणि ताणाखाली कशी मारतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००८ मध्ये ट्रेनर पॉल निकल्स यांच्या तबेल्यातले दोन घोडे समोरासमोर आले : आदल्या वर्षीचा विजेता कॉटो स्टार आणि दणकट अंगाचा डेनमन. जॉकी सॅम थॉमसने डेनमनला फार लवकर पुढे घातले आणि वेग वाढवत नेला. कॉटो स्टारला श्वास घ्यायला उसंत मिळाली नाही, त्याच्या उड्या बिघडल्या आणि तो सात लेंग्थने हरला. पुढच्या वर्षी त्याने डेनमनला १३ लेंग्थने मागे टाकून गमावलेला कप परत मिळवला. असे करणारा तो पहिलाच. पण मधल्या काळात डेनमनला हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा विकार झाला होता, हे विसरून त्या १३ लेंग्थचा अर्थ लावणे बरोबर नाही. आघाडी घेणारे घोडे किती आहेत आणि शर्यतीचा वेग काय राहील याचा अंदाज उडीच्या पारखीपासून वेगळा करता येत नाही, तो यासाठी.

उतारावरच्या शेवटून तिसऱ्या कुंपणापाशी घोडे थकलेले आणि तरीही वेगात असतात. १९८९ मध्ये आघाडीवर असलेला टेन प्लस तिथे पडला आणि दगावला. या खेळाबद्दल लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. सुरक्षित उडी हा पारखीचा निकष आहे तसा तो घोड्याच्या जिवाचाही प्रश्न आहे.

त्याच १९८९ च्या शर्यतीने जमिनीचे महत्त्वही दाखवले. जमिनीची स्थिती 'गोइंग' या नावाने जाहीर होते : गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी अशा चढत्या ओलीच्या पायऱ्या. त्या दिवशी पाऊस आणि बर्फ पडून मैदानाचा चिखल झाला होता. पांढऱ्या डेझर्ट ऑर्किडला चिखल मानवत नाही आणि डाव्या हाताचे मैदान आवडत नाही, असा सर्वांचा समज. आणि तो खराही होता. याहू हा घोडा उलट चिखलातला पटाईत, आणि अखेरच्या टप्प्यात तो पुढेही गेला. तरी डेझर्ट ऑर्किडने चढावर त्याला दीड लेंग्थने हरवले. यावरून गोइंगकडे दुर्लक्ष करावे असा अर्थ काढू नये. प्रतिकूल जमिनीवरही जिंकण्याइतका दर्जा फार थोड्या घोड्यांत असतो. बाकीच्यांच्या बाबतीत ओल्या जमिनीवरची आणि कोरड्या जमिनीवरची कामगिरी वेगवेगळी मांडूनच पाहावी.

वयाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक विजेते सात ते नऊ वर्षांचे असतात. १९६९ मध्ये व्हॉट अ मिथ बाराव्या वर्षी जिंकला, त्यानंतर दहापेक्षा मोठा घोडा जिंकलेला नाही. लहान बाजूला गोल्डन मिलरने १९३२ मध्ये पाचव्या वर्षी पहिला कप घेतला आणि पुढे १९३६ पर्यंत सलग पाच घेतले. २०११ चा विजेता लाँग रन सहा वर्षांचा होता.

हंगामात घोडा किती धावला याचा मात्र अनेकजण चुकीचा अर्थ लावतात. कमी शर्यती म्हणजे तयारी कमी असे नव्हे. ट्रेनर विली मलिन्स यांनी अल बूम फोटो या घोड्याला दोन्ही हंगामांत १ जानेवारीला ट्रामोर या आयर्लंडमधल्या लहानशा मैदानावर एकदाच धाववून २०१९ आणि २०२० असे दोन्ही गोल्ड कप जिंकले. हेन्रिएटा नाइट यांनीही बेस्ट मेटला (२००२, २००३, २००४) मोजकेच धाववले. ट्रेनरची रीत ठाऊक असेल तर रिकामे महिने काळजीचे वाटत नाहीत.

शर्यतीच्या दिवशी कार्डावर आणखी काही सापडते. घोड्याच्या श्वासमार्गावर शस्त्रक्रिया झाली असेल तर ब्रिटनमध्ये २०१८ पासून ते जाहीर करावे लागते. डोळ्यांवर ब्लिंकर (बाजूचे दिसू नये म्हणून लावलेली झापडे) किंवा जीभ बांधलेली असेल तर तेही छापलेले असते. पहिल्यांदाच असे केले असेल तर ट्रेनर काहीतरी दुरुस्त करू पाहतो आहे, एवढे नक्की. मग पॅडॉक. चालताना मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशापलीकडे पडावे, पुठ्ठे भरलेले असावेत, अंगावर तकाकी असावी. मानेवर आणि मागच्या पायांच्या मध्ये फेस आला असेल तर घोडा धावण्यापूर्वीच शक्ती घालवतो आहे. काही घोडे मात्र जन्मतःच तापट असतात आणि घामेजूनही जिंकतात. म्हणून आधीच्या दिवशी तो कसा दिसत होता याच्याशीच तुलना करावी.

पैज लावणाऱ्यांच्या बाजारातला भाव ही सगळ्यांच्या पारखीची बेरीज असते आणि सहसा ती फार चुकत नाही. अपवाद १९९० चा : वेल्समधला दूध-दुभत्याचा शेतकरी सिरेल ग्रिफिथ्स याने तयार केलेला नॉर्टन्स कॉइन १००/१ (एकाला शंभर) भावाने जिंकला, या शर्यतीत इतक्या मोठ्या भावाचा विजेता दुसरा नाही. २०२५ मध्ये तिसऱ्या सलग विजयासाठी आलेला गॅलोपाँ दे शाँ हा मोठा फेवरिट होता. फेब्रुवारीत लेपर्ड्सटाउनला आयरिश गोल्ड कपमध्ये त्याने आयनोदवेयुअरथिंकिन याला सहज हरवले होते. पण तिथे चौथ्या आलेल्या या सात वर्षांच्या घोड्याने आदल्या वर्षी चेल्टनहॅमलाच, जवळपास इतक्याच अंतराची हँडिकॅप शर्यत जिंकली होती. मालकाने २५,००० पाउंड भरून त्याची पुरवणी, म्हणजे मुदतीनंतरची, नोंदणी केली आणि तो सहा लेंग्थने जिंकला.