दूध दाटलंय, की गाठ वेगळीच आहे?

बाळंतिणीच्या छातीला गाठ लागली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "दूध दाटलंय, शेक घे." बहुतेक वेळा ते खरंच निघतं. पण गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षभरात स्तनाचा कॅन्सरही होतो, आणि तो उशिरा सापडतो. या दिवसांत स्तन मुळातच जड आणि गाठीगाठींचे झालेले असतात, त्यात एक गाठ सहज लपते.

दाटलेल्या दुधाची गाठ दुखते. बाळ पोटभर प्यायलं की ती लहान, मऊ लागते आणि एक-दोन दिवसांत विरते. कॅन्सरची गाठ पाजण्याआधी जशी, तशीच नंतर. बहुधा ती दुखत नाही, पण दुखते म्हणजे कॅन्सर नाही, असं मात्र समजू नका. मी तर म्हणेन, दुखण्यापेक्षा दिवस मोजा. दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर सोनोग्राफी करायचीच. "सव्वा महिना होऊ दे, मग बघू" असं कोणी म्हटलं तरी थांबू नका.

खरी फसगत होते ती लाल झालेल्या स्तनाची. स्तनदाहात, म्हणजे पाजणाऱ्या स्तनाला सूज येऊन तो लाल होतो तेव्हा, ताप येतो, थंडी वाजते, स्तन तापतो. अँटिबायोटिक सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत उतार पडतो. एका प्रकारच्या कॅन्सरमध्येही स्तन असाच लाल होतो, सुजतो, पण ताप सहसा नसतो. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसते, कधी बोंड आत ओढलं जातं. गोळ्यांचा कोर्स संपूनही लाली तशीच असेल तर दुसरा कोर्स घेत बसण्याआधी तपासणी मागा.

सोनोग्राफीचा पोटातल्या बाळाला धोका नाही. सुईने तुकडा काढून बायॉप्सीही गरोदरपणात करता येते, आणि त्यासाठी पाजणं तोडावं लागत नाही.

कॅन्सर निघाला तर "आता बाळ ठेवता येणार नाही" ही भीती आधी मनात येते. गर्भपात केल्याने आजार बरा होण्याची शक्यता वाढते, असं दिसलेलं नाही. ऑपरेशन गरोदरपणात होतं. ठरावीक केमो पहिले तीन महिने उलटल्यावर देतात आणि बाळंतपणाच्या साधारण तीन आठवडे आधी थांबवतात. रेडिएशन आणि टॅमॉक्सिफेन (हार्मोनवर काम करणारी कॅन्सरची गोळी) मात्र बाळंतपणानंतरच. केमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही, आणि आईच्या मनाला ते फार लागतं. घरच्यांनी तेव्हा वरच्या दुधावरून एक शब्दही बोलू नये.

तपासणीला जाताना बाळाला पाजून किंवा दूध काढून जा, म्हणजे स्तन हलका असतो. बायॉप्सीच्या फॉर्मवर "गरोदर" किंवा "स्तनपान चालू" असं ठळक लिहून घ्या. या दिवसांत स्तनातल्या पेशी एरवीपेक्षा वेगळ्या दिसतात, आणि काढलेला तुकडा काचपट्टीवर तपासणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक असायला हवं.